मगदूमकाकांचा अपमान

"अहो, जरा इकडं तोंड करा की. पोरगी चित्र काढतीय तुमचं," पद्माकाकू म्हणाल्या.

"नको नको, काकू," मी घाईनं म्हटलं. "आहेत तसेच राहू देत."

मगदूमकाकांनी आम्हा दोघींचंही ऐकलं नव्हतं. टीव्हीवर एक बाई ओरडून सांगत होती, की आपण रोज जी हळद खातो तिच्यात काय काय मिसळलेलं असतं ते ब्रेकनंतर कळेल. काका ब्रेक संपायची वाट बघत होते. खुर्चीच्या अगदी कडेला सरकून बसलेले, रिमोट दोन्ही हातांत धरलेला, तोंड अर्धवट उघडं. दुपारचे साडेतीन वाजले होते, पण खिडक्या घट्ट लावलेल्या असल्यामुळे खोलीत अंधार होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर पडद्याचा निळा उजेड हलत होता.

कलाशाळेत असताना आम्हाला जी माणसं समोर बसवून चित्रं काढायला मिळायची, ती दहा मिनिटांत चुळबुळ करायला लागायची. कुणाला तंबाखू हवी असायची, कुणाच्या पायाला मुंग्या यायच्या. मगदूमकाका सलग दोन तास हलत नसत. इतका चांगला मॉडेल मला त्याआधी कधी मिळाला नव्हता आणि नंतरही मिळाला नाही.

ही दोन हजार तेरा सालची गोष्ट. सांगलीत एका शाळेत मी चित्रकला शिकवत होते आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रं काढत होते. मगदूम आमचे शेजारी, भिंतीला भिंत. भूपाल मगदूम वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झाले होते. एका पावसाळ्यात अर्धं गाव पाण्यात असताना हा माणूस खांबावर चढून लाइन जोडत होता, असं लोक सांगायचे. अकरा हजार व्होल्टच्या तारेला न घाबरलेला माणूस निवृत्तीनंतर बातम्या बघायला लागला आणि दोन वर्षांत घराबाहेर पडायचा बंद झाला.

"आधी बाहेरचं खाणं बंद केलं," पद्माकाकू मला मोजून दाखवायच्या. "मग दूध बंद. पावडर घालतात म्हणे. मग गवळ्यालाच दारात उभं करेनात, टोळीतला असेल म्हणून. दाराला तीन कड्या. खिडकी उघडली की डास, डास म्हणजे डेंग्यू. आता श्वास तेवढा घेऊ देतात मला."

त्या वर्षी मी टीव्हीसमोर बसलेल्या माणसांची एक मालिकाच काढायला घेतली होती. टीव्ही कुठेच दाखवायचा नाही, फक्त त्याचा उजेड अंगावर पडलेली माणसं दाखवायची. त्यातलं काकांचं चित्र सगळ्यांत मोठं झालं, सहा फूट उंच. तीन आठवडे मी रोज शाळा सुटल्यावर त्यांच्या खोलीत जाऊन बसत होते. चित्राला नाव दिलं, 'आत्ताची मोठी बातमी'.

पूर्ण झाल्यावर ते मी शिरीषला हाताशी घेऊन त्यांच्या दारात आणलं. शिरीष खाडे आमच्याच शाळेत हस्तकला शिकवायचा आणि माझ्या चित्रांवर माझ्याहून जास्त विश्वास ठेवायचा. काकांनी जाहिराती लागल्या तशी मान वळवली. बराच वेळ बघितलं. एवढा वेळ त्यांनी टीव्ही सोडून दुसरीकडे बघितलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"पाय बरोबर आलेत," ते म्हणाले. "खांबावर चढून चढून गुडघ्यातनं वाकलेत, ते दिसतंय. कुणी बघितलं नव्हतं ते."

"तोंड कशाला उघडं दाखवलंस गं?" काकूंनी विचारलं.

"उघडंच असतंय," काका म्हणाले. "तिनं काय खोटं काढायचं?" आणि मग माझ्याकडे बघून, "चांगलं काढलंयस, वैजू. लाव कुठं लावायचं तिथं."

प्रदर्शन आम्ही गावातल्या एका सभागृहात लावलं. सात चित्रं, पाच दिवस. पहिल्या दोन दिवसांत एकवीस माणसं आली, त्यांतली नऊ पाणी प्यायला. तिसऱ्या दिवशी मीच शिरीषला म्हटलं, "अरे, त्या केबलवाल्या चॅनेलला बोलाव ना. तुझ्या ओळखीचं आहे ना कुणी?"

टीव्हीमुळे माणसाचं काय होतं, याची चित्रं लोकांनी बघावीत म्हणून मी टीव्हीवाल्यांना बोलावणं पाठवत होते. यात काही विचित्र आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

चॅनेलचं नाव सांगत नाही. आता ते बंद पडलंय. त्यांचा निवेदक रोहन पेटकर स्वतः आला. तरतरीत मुलगा, हातात माइक, बुटांना चकाकी. मी त्याच्याशी वीस मिनिटं बोलले. भीती कशी विकली जाते, पडद्याचा उजेड माणसाला कसा एकटा पाडतो, असं सगळं मनात साठलेलं बोलले. त्यानं मोठ्या चित्राकडे बोट दाखवून विचारलं, "हे खरेच कुणी आहेत का?" मी लगेच सांगितलं. भूपाल मगदूम, आमचे शेजारी, वायरमन होते, दोन वर्षं घराबाहेर पडलेले नाहीत, दिवसभर असेच तोंड उघडं टाकून बसलेले असतात. तो इतकं मन लावून ऐकत होता, की मी अजूनही बरंच सांगितलं असतं.

संध्याकाळच्या बातम्यांत माझ्या वीस मिनिटांतली आठ सेकंदं आली. "दोन वर्षं घराबाहेर पडलेले नाहीत, दिवसभर असेच तोंड उघडं टाकून बसलेले असतात." मी हसत होते. बोलताना मी हसले होते हे मला आठवतच नव्हतं. खाली लाल पट्टी फिरत होती, 'कलेच्या नावाखाली ज्येष्ठांची थट्टा?' आणि ते प्रश्नचिन्ह इतकं बारीक होतं, की नसल्यासारखंच.

दुसऱ्या दिवशी सभागृहाबाहेर रांग लागली. ज्येष्ठ नागरिकांच्या एका संघानं निषेधाचं पत्रक काढलं. ते वाचून दाखवायला आलेले तिघे आधी सगळी चित्रं नीट बघून गेले आणि एकानं जाताना हळूच सांगितलं, "निळा रंग छान लागलाय." मी अस्वस्थ होते असं सगळ्यांना सांगत होते. खरं सांगायचं तर मी दर तासाला दारातल्या मुलीला विचारत होते, किती झाले. दुपारपर्यंत चारशे झाले होते. घरी गेल्यावर मी टीव्ही लावला आणि तीन बातमीपत्रं ओळीनं बघितली, आपण पुन्हा येतोय का ते बघायला. आलो.

तेवढ्यात फोन वाजला. मगदूमकाका. भिंतीपलीकडून फोन करत होते, दार उघडायला नको म्हणून.

"वैजू, माझा अपमान झालाय म्हणे."

"नाही हो, काका."

"टीव्हीवर सांगतायत. सकाळपासनं चारदा सांगितलं."

"काका, तुम्ही चित्र बघितलंय ना? तुम्हाला वाटला का अपमान?"

त्यांच्या टीव्हीचा आवाज फोनमधूनही येत होता आणि भिंतीतूनही, जरा मागेपुढे.

"तेव्हा नव्हता वाटला," ते म्हणाले. "पण मग हे का म्हणतायत?"

"ते त्यांनाच विचारा," मी वैतागून म्हटलं.

"विचारतो की," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

मला वाटलं, विषय संपला. रात्रीचं जेवण व्हायच्या आधी शिरीष धावत आला. चॅनेलनं दोन दिवसांनी संध्याकाळी थेट चर्चा ठेवली होती, 'कला की क्रूरता'. एका बाजूला मी. आणि दुसऱ्या बाजूला खुद्द भूपाल मगदूम.

"काकांनी स्वतः फोन केला होता म्हणे त्यांना," शिरीष म्हणाला. "मला काहीतरी विचारायचंय, म्हणाले. पेटकरनं तिथल्या तिथं बोलावलं."

"काकांनी?"

"गेले ते, वैजू. त्यांच्याकडे गेले. दोन दिवस टीव्हीनं कान भरले, बस. तुझ्या चित्रात जे आहे तेच झालं." तो एवढा उत्तेजित झाला होता, की त्याला यातलं दुःख दिसत नव्हतं. मलाही फारसं दिसत नव्हतं. तो पुढे म्हणाला, "एक लक्षात ठेव. तिथं नम्रपणा चालत नाही. तू पहिल्या मिनिटाला बचाव करायला लागलीस की संपलीस. संधी मिळाली की एकच वाक्य टाकायचं, पण असं, की लोकांनी उद्या तेच बोललं पाहिजे."

दोन दिवस मी ती वाक्यं जुळवत होते. शाळेत मुलांना आंब्याची पानं काढायला सांगून मी खिडकीशी उभी राहून ओठातल्या ओठात बोलत होते. मधली भिंत होती तिथंच होती, पण मी त्यांच्याकडे गेले नाही. प्रतिपक्षाला आधी भेटू नये, असं शिरीषचं म्हणणं होतं. काकांबद्दल 'प्रतिपक्ष' हा शब्द वापरताना आम्हाला दोघांनाही हसू आलं नाही.

स्टुडिओ म्हणजे एका साड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावरची खोली. मागे निळा पडदा, पुढे काचेचं टेबल, एसी इतका गार की बोटं आखडावीत. काका माझ्या आधी येऊन बसले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा सफारी, केसांना तेल, पायांत बूट. पद्माकाकू कॅमेऱ्याच्या मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. दोघं रिक्षानं आले होते. दोन वर्षांनी हा माणूस घरातून निघून, जिना उतरून, भर बाजारातून इथवर आला होता, हे माझ्या समोर होतं. मला दिसलं एवढंच, की ते पलीकडच्या खुर्चीवर बसलेत.

"काका," मी म्हटलं.

ते काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात एकानं त्यांच्या कॉलरला माइक लावला आणि पेटकर म्हणाला, "शांतता. तीन, दोन, एक."

पहिली दहा मिनिटं पेटकरच बोलला. मग त्यानं काकांकडे वळून आवाज मऊ केला. "काका, हे चित्र बघून तुम्हाला किती वेदना झाल्या?"

"मला एक विचारायचंय," काका म्हणाले.

"विचारा, काका. अख्खा महाराष्ट्र ऐकतोय." चॅनेल अडीच तालुक्यांत दिसायचं.

"मी तीन आठवडे हिच्या समोर..."

"तीन आठवडे!" पेटकर ओरडला. "तीन आठवडे एका वृद्ध माणसाला बसवून ठेवलं! याचं उत्तर घेऊ, एका छोट्याशा विश्रांतीनंतर."

विश्रांतीत कुणी कुणाशी बोललं नाही. मी माझी वाक्यं मनात म्हणत होते. काकाही मनात काहीतरी म्हणत असावेत, त्यांचे ओठ हलत होते.

पुन्हा दिवे लागले. पेटकरनं आधी मला विचारलं आणि मी बोलले. बरंच बोलले, पण काही जमलं नाही. मी बचाव करतेय हे मलाच ऐकू येत होतं. दाराशी उभा असलेला शिरीष मान हलवत होता. मग पेटकर म्हणाला, "काका, मघाचा तुमचा प्रश्न. विचारा."

टेबलाच्या पुढ्यात खाली एक छोटा टीव्ही ठेवला होता. जे प्रक्षेपित होतंय ते त्याच्यावर दिसत होतं. काकांनी बोलण्यासाठी तोंड उघडलं आणि त्यांची नजर त्या टीव्हीवर गेली. तिथं ते स्वतः होते, पडदाभर. ते पुढे सरकले. खुर्चीच्या कडेला. हात एकमेकांत गुंतले. तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"काका? बोला, काका."

काका त्या टीव्हीकडे बघत होते. एक शब्द फुटेना. पाच सेकंद, सहा सेकंद, सात. थेट प्रक्षेपणात सात सेकंद म्हणजे किती, ते तिथं बसल्याशिवाय कळत नाही.

आणि मला ते वाक्य सापडलं.

"बघा!" मी म्हणाले. बोट काकांकडे केलं. "बघा सगळ्यांनी. हेच माझं चित्र आहे. मी काहीही बनवून काढलेलं नाही. हा माणूस स्वतः काय बोलायला आला तेसुद्धा विसरलाय. समोर टीव्ही दिसला की याचं डोकं बंद होतं. याचा अपमान मी नाही केला, याला स्वतःचं असं काही उरलेलंच नाही. अपमान करायचा तरी कुणाचा?"

कॅमेऱ्यामागच्या कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. पेटकरचा चेहरा उजळला. त्याला बाजूंशी देणंघेणं नव्हतं, त्याला जे हवं होतं ते मी दिलं होतं. "जबरदस्त!" तो म्हणाला आणि कार्यक्रम संपला.

शिरीषनं माझा हात धरून हलवला. "संपवलंस तू! अगं, काय बोललीस!" लोक माझ्याभोवती जमले. त्यांच्या खांद्यांवरून मला काका दिसत होते. त्यांनी स्वतःच कॉलरचा माइक काढला, त्याची वायर कोपरापासून पंजापर्यंत गुंडाळून नीट वेटोळं केलं आणि टेबलावर ठेवलं. तार अशी हाताळणारी माणसं वेगळी दिसतात.

जिन्यात मी त्यांना गाठलं. जिंकल्यामुळे मला मोठेपणा दाखवायचा होता.

"काका, राग मानू नका हं. तुम्ही त्यांच्या बाजूनं आलात, म्हणून मला बोलावं लागलं."

"कुठली बाजू?" पद्माकाकू म्हणाल्या. "त्यांनी बसवलं तिथं बसले हे. दोन दिवस आरशासमोर उभं राहून घोकतायत. जेवताना घोकतायत. तुझ्यासाठी, आणि तू..."

"पद्मा," काका म्हणाले.

"काय घोकत होते?" मी विचारलं.

काकूंनी तोंड फिरवलं. काकाच बोलले, अगदी सावकाश, पाठ केलेलं म्हणतात तसं.

"त्यांना विचारायचं होतं, की मी तीन आठवडे हिच्या समोर बसलो. चित्र बघितलं. मला त्यात अपमान दिसला नाही. तुम्हाला कुठं दिसला ते बोटानं दाखवा."

खालच्या दुकानात कुणीतरी साडी झटकून उलगडत होतं, त्याचा फटफट आवाज जिन्यात येत होता.

"मग तिथं विसरलो," काका म्हणाले. "आता नको विचारायला."

काकूंनी त्यांचा हात धरला आणि दोघं खाली उतरून रिक्षात बसले.

पुढच्या चार दिवसांत चर्चेची ती फीत कुठल्या कुठे गेली. पुण्यामुंबईच्या चॅनेलांनी उचलली. माझं वाक्य लोक फोनवर एकमेकांना पाठवत होते. मुंबईच्या एका कलादालनानं सातही चित्रं मागितली. आज माझं जे काही नाव आहे ते त्या चार दिवसांत झालं. माध्यमं आणि भय या विषयावर मला जिथं जिथं बोलायला बोलावतात, तिथं ओळख करून देताना ती फीत दाखवतात, आणि त्या जागी टाळ्या पडतात. मी पाण्याचा ग्लास उचलून पाणी पिते.

चर्चेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पेटकरला फोन केला होता. मला दोन मिनिटं हवीत म्हणाले. काका माझ्या बाजूनं बोलायला आले होते, मी चुकले, एवढंच सांगायचंय.

"मॅडम, तो विषय संपला," तो मनापासून म्हणाला. "आज बिबट्या आहे."

काकांच्या घरी जायला मला चौथा दिवस उजाडला. सहा पावलांवरचं दार. बेल वाजवली तर आतून कड्या काढल्याचा आवाज आला नाही. दार नुसतंच लोटलेलं होतं. खोलीत ऊन होतं. मी त्या खोलीत तीन आठवडे बसले होते, पण तिचा रंग पिवळट आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. टीव्ही होता तिथंच होता, बंद. काका जमिनीवर बसून कुणाची तरी इस्त्री उघडून दुरुस्त करत होते. शेजारीपाजारी तेव्हाच म्हणायला लागले होते, की चित्रानं मगदूमांना बरं केलं. वर्तमानपत्रातही आलं होतं तसं, माझ्या कौतुकात.

"या," काका म्हणाले. हात पुसून उठले आणि खुर्ची पुढे केली.

मी बसले नाही. उभ्यानंच सगळं बोलून टाकलं. मला वाटलं होतं तुम्ही फिरलात, मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, जे बोलले ते मला म्हणायचं नव्हतं. शेवटचं खोटं होतं. मला म्हणायचंच होतं, दोन दिवस जुळवत होते मी.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बसा की," ते म्हणाले. "चित्र चांगलंच आहे तुमचं. येईल त्याला मी तेच सांगतो. पद्मा, मॅडमना चहा टाक."

"काका," मी म्हटलं, "मी वैजू आहे. मला अहोजाहो काय करताय? मॅडम काय?"

काकांना माझा प्रश्नच कळला नाही असं वाटलं.

"टीव्हीवर येणाऱ्या माणसाला एकेरी कसं बोलायचं?" ते म्हणाले.

मला टोमणा मारत असतील, म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मारत असते तर बरं झालं असतं.